आधी उतारा, मग सह्या

गल्लीतली बाग वाढवायची तर सह्यांचं निवेदन नगरसेवकाला दिलं की शेजारचा मोकळा तुकडा बागेत येईल, असं कुणी म्हणेल. सह्या हव्यातच, पण त्याआधी त्या तुकड्याचा सातबारा उतारा काढा. जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी लेआउटांत नकाशावर ‘ओपन स्पेस’ म्हणजे सगळ्यांसाठी सोडलेली मोकळी जागा असते आणि उताऱ्यावर नाव अजून मूळ मालकाचंच. मग खासगी नावाच्या जागेवर खर्च केला असा ऑडिटचा आक्षेप नको म्हणून पालिका तिथे पैसा घालायला कचरते. विकास आराखड्यात त्या जागेवर बागेऐवजी दुसरंच आरक्षण असेल तर १९६६च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७खाली आराखड्यात फेरबदल लागतो. त्यात हरकती-सूचनांना एक महिना असतो. सूचना गट नंबर व भाग नकाशा (आराखड्यातला त्या जागेपुरता नकाशा) जोडून लेखी द्या, आवक क्रमांकाची पोच घ्या. ‘आमची बाग वाढवा’ एवढंच लिहिलेला कागद सुनावणीत टिकत नाही.

बागेत फिरायला पेव्हर ब्लॉकच्या ट्रॅकची मागणी करताना त्याखाली काय घालणार तेही विचारा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. नुसत्या वाळूवर बसवलेले ब्लॉक लवकरच वरखाली होतात. फूट-दीड फूट माती काढून मुरूम भरावा, दर सहा इंचांच्या थराला पाणी मारून रोलर फिरवावा, कडेला ब्लॉक धरून ठेवणारा कर्ब आणि पाण्याला उतार. हे अंदाजपत्रकात नसेल तर ठेकेदार करणार नाही. लॉनचा हट्ट मात्र सोडा. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात मे महिन्यात ते जळणारच. त्यापेक्षा ट्रॅकच्या पश्चिमेला कडुनिंब, करंज लावा, संध्याकाळी फिरणाऱ्यांना सावली मिळेल.