नासी लेमाकबरोबर गोड दुधाचा चहा? साफ चूक

मलयकेसर: काल इथे एकाने लिहिलं, ‘मलेशियात कोपितियाममध्ये (चिनी धाटणीचं कॉफीचं दुकान) जा आणि डोळे मिटून तेह तारिक (कंडेन्स्ड मिल्कचा ओढलेला गोड चहा) मागवा, सगळ्यावर चालतो.’ नाही चालत! नासी लेमाक ही तिथली न्याहारीची थाळी, तिचा भात मुळात नारळाच्या दुधात शिजलेला. त्यावर कंडेन्स्ड मिल्कचा चहा घेतला की जिभेवर थर बसतो आणि तिसऱ्या घासापासून सांबालमधला (मिरचीच्या तिखट चटणीतला) बलाचान लागेनासा होतो. तिथे कोपी-ओ कोसोंग ही काळी कॉफीच हवी, दूध नाही, साखर नाही. शिवाय तेह तारिक ही मामाक दुकानांची, तमिळ मुसलमानांची करामत. कोपितियाममध्ये तो मिळतो, पण ही दुकानं हायनान बेटावरून आलेल्या चिन्यांची, त्यांचा हात बसलाय कॉफीवर. आणि त्याच पोस्टमधलं दुसरं चुकीचं विधान: इपोह शहराची व्हाइट कॉफी म्हणे दुधामुळे ‘व्हाइट’. तसं नाही. नेहमीच्या कोपीच्या बिया साखर आणि मार्गारीन घालून काळ्या भाजतात. इपोहच्या भाजतात फक्त मार्गारीनमध्ये, म्हणून रंग फिका.

तिखटजाळ: भाजणीचं बरोबर, जोडीचं साफ अमान्य. मिरचीतलं जाळ करणारं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं, आणि दुधातलं केसीन हे प्रथिन ते जिभेवरून सोडवून नेतं. कढत काळ्या कॉफीने सांबालचा जाळ उलट वाढतो. युनेस्कोने 2024 मध्ये मलेशियाची न्याहारी संस्कृती वारशाच्या यादीत घेतली, त्यात नासी लेमाक, रोती चनाई (तिथला पराठा) आणि तेह तारिक मांडीला मांडी लावून बसलेत. लोक वेडे आहेत का?

मलयकेसर: यादी टेबलाची आहे, घासाची नव्हे. केसीनचा मुद्दा मात्र मान्य करावा लागतो. मग कोपी-सी मागवा: दूध एव्हॅपोरेटेड (आटवलेलं, बिनसाखरेचं), साखर वेगळी पडते, ‘कोसोंग’ म्हटलं की तीही नाही. केसीन मिळालं, पाक टळला. कंडेन्स्ड मिल्कच हवं असेल तर ‘कुरांग मानिस’ (कमी गोड) सांगा. ते कपाच्या तळाशी असतं. न ढवळता प्यायलात तर वर कडू आणि शेवटचे दोन घोट नुसता पाक.

क्लांगचा_शाकाहारी: दुधावरून भांडताय आणि आपल्या शाकाहारी मंडळींना ‘भात, काकडी, शेंगदाणे’ म्हणून हीच थाळी सुचवताय! बलाचान म्हणजे आंबवलेला जवळा, तो सांबालमध्ये वाटलेला असतो, वेगळा काढता येत नाही. वर तळलेले इकान बिलिस, म्हणजे बारीक सुके मासे. चार क्वे तिआव (परतलेल्या तांदळाच्या नूडल्स) बऱ्याच ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात. काया टोस्टच्या कायात, म्हणजे नारळाच्या जॅममध्येसुद्धा अंडं आहे. हे आधी लिहायला काय होतं?

तिखटजाळ: हा धागा पेयाचा आहे. प्रत्येक धाग्यात हेच आणू नका.

क्लांगचा_शाकाहारी: आणणार. ताटात काय आहे ते ठाऊक नसलेल्याने जोड्या लावू नयेत.

अर्धकच्चं: काया निघालाच आहे तर खरी कोपितियाम जोडी तीच: काया टोस्ट, दोन अर्धकच्ची अंडी, कोपी. अंडी घरी बिघडतात कारण लोक ती उकळत ठेवतात. 4 अंड्यांना 1 लिटर पाणी, खळखळून उकळलं की आच बंद, अंडी सोडा, झाकण, 7 मिनिटं. अंडी फ्रिजमधून थेट टाकली तर पाणी एकदम उतरतं, पांढरं पाण्यासारखं राहतं, कवच तडकतं.

तिखटजाळ: 7 मिनिटांत बलक घट्ट होतो. 5 पुरे!

अर्धकच्चं: जाड बुडाच्या पातेल्यात होईल, ते उष्णता धरून ठेवतं. पातळ डब्यात 5 मिनिटांत पांढरं धरतच नाही. पांढरं साधारण 62 अंशांपासून धरू लागतं, बलक 65 च्या पुढे दाटतो. सगळा खेळ या फटीत आहे. 2 अंडी असतील तर पाणी अर्धं करू नका, कमी पाणी लवकर निवतं.

मलयकेसर: वेळेत मी अर्धकच्चंच्या बाजूने. अंडी बशीत फोडल्यावर सोया सॉस आणि पांढरी मिरी, काळी नव्हे, आणि टोस्ट त्यातच बुडवायचा. इथे मात्र कंडेन्स्ड मिल्कची कोपी चालेल. सॉसचा खारटपणा तिला पेलतो.

तिखटजाळ: म्हणजे गोड कोपी चालते. एवढंच म्हणत होतो.

मलयकेसर: अंड्याबरोबर. नासी लेमाकबरोबर नाही.