आगोटीची (पावसाच्या तोंडावरची) कामं आणि घरचा रगाडा: तुम्ही कसं जमवता?

रोहिणी लागायला आल्या की गावातल्या प्रत्येक घरात सगळं एकदमच निघतं. कौलं परतायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, वाळवणं, मुलांची सुट्टी, मुंबईहून आलेली मंडळी, त्यातच भावकीत लग्न. आणि सुतार, गवंडी, वायरमन, टेम्पोवाला त्याच पंधरवड्यात सगळ्या गावाला हवे असतात. मृग 7 जूनच्या आसपास लागतो. पाऊस चार दिवस पुढेमागे होईल, पण काम त्याच्या अलीकडेच बसवावं लागतं.

सल्ले नकोत. तुमच्या घरात प्रत्यक्षात काय होतं ते लिहा. कोणतं काम आधी घेता, कोणतं सोडून देता, कोण काय उचलतं, तालुक्याच्या फेऱ्या कशा वाचवता. सुरुवात मीच करते.

चिपळूण तालुका

आमचं घर मंगलोरी कौलांचं. परतायचं म्हणजे एक गडी वर, एक शिडीवर, एक खाली. ओळीने कौलं काढायची, शेवाळ खरवडायचं, कुजलेली रीप बदलायची, पुन्हा लावत यायचं. वानरांनी उड्या मारून फोडलेली दरवर्षी निघतातच. कौल हातात घेऊन बोटाच्या गाठीने टिचकी मारली की धड कौल खणकन वाजतं आणि चीर गेलेलं बद्द वाजतं. हे माझ्या धाकट्या मुलाला छान कळतं, म्हणून खाली बसून कौलं निवडायचं काम त्याचं. सुट्टीत तो कंटाळत नाही आणि माझा एक माणूस वाचतो.

खरी अडचण धुळीची. वरून काळी धूळ माजघरात पडते तशी अंगणातही उडते, आणि अंगणात सोलं वाळत असतात. रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची सालं मीठ घातलेल्या त्याच्याच रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, अशी पुटं देण्यात आठवडा सहज जातो. त्यावर छपराची धूळ बसली की सगळी मेहनत वाया. म्हणून आमच्याकडे क्रम ठरलेला आहे: छप्पर आधी, रातांबे नंतर. गड्यांना पाडव्यालाच सांगून ठेवते. सासूबाई म्हणतात तसं, माणूस मिळाला की काम निम्मं झालं.

औसा तालुका, लातूर

आमच्या जुन्या घराच्या दोन खोल्या अजून माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या आहेत. उन्हाळ्यात तिथे जो गारवा असतो तो स्लॅबखाली मिळत नाही, म्हणून वडिलांनी त्या पाडू दिल्या नाहीत. पावसाआधी वर पांढरी माती टाकावी लागते.

पूर्वी लोक दरवर्षी जुन्या थरावर नवा थर चढवत. पिढ्यान् पिढ्या तसंच चाललं आणि छपरं फार जड झाली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरचं हे ओझं एकदम खाली आलं. माणसं झोपेत होती. आमच्या तालुक्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून आता आधी जुनी माती खरवडून उतरवायची, मगच नवी टाकायची. काम दुप्पट होतं, पण यात तडजोड नाही.

मी आणि जाऊबाई दोघी नोकरी करतो. माती उतरवायचं काम सकाळी आठच्या आत संपवायचं, कारण नंतर ऊन वर थांबू देत नाही. त्या दिवसांत स्वयंपाक रात्रीच करून ठेवतो. भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. मुलं आठवडाभर तेच खातात आणि कुणाचं काही बिघडत नाही.

सत्तरी, गोवा

माझी नोकरी पणजीला, घर वाळपईच्या पुढे. आमच्याकडे या दिवसांत पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची घाई. सुकी मासळी, मिरची, कोकम, उकडे तांदूळ. मडगावला पुरुमेताचं फेस्त भरतं, पण तिथे जायला वेळ होत नाही. रोज येताना एकच जिन्नस आणायचा, हा माझा नेम. आज मिरची, उद्या सुंगटं (कोळंबी). रविवार मग घराला मिळतो, मुलीला घेऊन ओहोळावर जाता येतं.

श्रीवर्धन

3 जून 2020 नंतर आमच्याकडे पावसाळ्याची तयारी या शब्दाचा अर्थच बदलला. निसर्ग वादळात आमच्या गोठ्याचे पत्रे तिसऱ्याच्या वाडीत सापडले. सुपारीची बाग आडवी झाली. सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात, म्हणजे तेव्हा लावलेली रोपं आत्ता कुठे हाताशी येतायत. वीज यायला किती दिवस लागले ते इकडच्या लोकांना माहीतच आहे.

आता मे महिन्यात मी स्वतः वर चढून प्रत्येक हुक हाताने हलवून पाहतो. गंजलेला दिसला की बदलायचा, रबरी वायसर सुकला असेल तर नवा. पूर्ण दिवस जातो. बायको खाली शिडी धरून उभी असते आणि आम्ही तेवढ्यात वर्षभराचं बोलून घेतो. हे गंमत म्हणून लिहीत नाहीये. एरवी खरंच सवड मिळत नाही, आणि मला तो दिवस आवडतो.

बाकी रंगकाम, कुंपण, अंगणातली फरशी, सगळं दिवाळीनंतर. पावसाआधी फक्त छप्पर, विहिरीचा पंप आणि आईची औषधं.

धागाकर्ती: औशाच्या ताई, माती उतरवायला माणसं कुठून आणता? इथे रोजावर कुणी मिळत नाही.

औसा: भावकीतलीच. आम्ही त्यांच्याकडे जातो, ते आमच्याकडे. रोज द्यायचा प्रश्न येत नाही, जेवण मात्र मनापासून करावं लागतं.

भोर

वरचं वाचलं म्हणून लिहिते. आमच्याकडे ही सावड अजून आहे. भात लावणीला तर तिच्याशिवाय चालतच नाही. आज माझं खाचर, उद्या तुझं. पण एक गोष्ट इथे स्पष्ट लिहायची आहे. सावडीत शेतातला दिवस मोजला जातो, घरातला नाही. जी बाई वीस माणसांचं जेवण रांधते, तान्ह्याला पाजते, म्हाताऱ्यांच्या गोळ्या वेळेवर देते, तिचा दिवस कुणाच्या हिशेबात नसतो. आमच्या आळीतल्या बायकांनी गेल्या वर्षी हे घरात मांडलं. आता ज्या घरी लावणी असेल तिथे शेजारची एक बाई रांधायला येते आणि तिचा दिवसही सावडीत धरतात. पुरुषांनीही ते मानलं. पाठीला आराम मिळालाच, शिवाय आपण काम करतो हे कुणीतरी मोठ्याने म्हटलं, याचं समाधान फार मोठं आहे.

यवतमाळ जिल्हा

आमचं कवेलूचं घर, त्यामुळे छपराचं दुखणं चिपळूणसारखंच. पण आम्हाला थोडा वेळ जास्त मिळतो. पाऊस उशिरा येतो, आणि कृषी विभागही 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं सांगतो. विदर्भातल्या शाळाही उन्हामुळे जूनच्या शेवटाकडे उघडतात. कपाशीचं बियाणं घरात येऊन पडलं आणि आभाळ भरायची वाट पाहणं सुरू झालं की त्या मधल्या दिवसांत घराची कामं काढतो.

फेऱ्यांबद्दल विचारलंय म्हणून सांगतो. तालुक्याचं गाव लांब, दिवसाला मोजक्या एसटी. दाराजवळच्या खिळ्याला एक वही टांगलेली आहे. ज्याला जे लागतं त्याने ते लिहायचं: पंपाचा वॉल्व्ह, आजीची बीपीची गोळी, पोरीची कंपासपेटी, सातबाऱ्याचा उतारा, विळ्याला धार. शेजारच्या तीन घरांनाही वही माहीत आहे. आठवडी बाजाराला जो कुणी निघेल तो पान फाडून नेतो. औषध असेल तर जुन्या गोळीचं पाकीट पानाला टाचायचं, नुसतं नाव लिहायचं नाही. पंपाचा भाग असेल तर जुना भाग पिशवीत घालून पाठवायचा, नाहीतर मापाचा घोळ होऊन दुसरी फेरी पडते.

धागाकर्ती: जुनं पाकीट टाचायचं हे मी आजपासून सुरू करते आहे. सासूबाईंच्या दोन गोळ्यांची नावं फार सारखी आहेत.

यवतमाळ: पाकिटावर सकाळ-रात्र हेही पेनाने लिहा. आणणारा कुणीही असो, देणारा चुकत नाही.