मदत हवी आहे: व्हिडिओ गेमच्या इतिहासावरचं एकच पुस्तक सांगा

घाईघाईत
व्हिडिओ गेमच्या इतिहासावरचं एक चांगलं पुस्तक सुचवा. एकच. याद्या नकोत, ढिगाने पाहिल्या, सगळीकडे तीच दहा नावं. सगळे सांगतात ते जाड पुस्तक माझ्याकडे आहे, पण मला हवंय तेच त्यात नाही. फार तांत्रिक नको. रविवारच्या आत वाचून संपायला हवं.

बाराखडी
कुठलं जाड पुस्तक? या विषयावरची अर्धी पुस्तकं जाडच आहेत. आणि "हवंय तेच" म्हणजे नक्की काय? आर्केड, कन्सोल, घरगुती संगणक की कंपन्यांची भांडणं? एवढं सांगितलंत तर सुचवता येईल.

पिक्सेलपंत
एकच म्हणता ना, मग 'रेसिंग द बीम'. लेखक निक मॉन्टफोर्ट आणि इयन बोगोस्ट, २००९. विषय फक्त अटारी व्हीसीएस, म्हणजे अटारी कंपनीचा टीव्हीला जोडायचा कन्सोल. या यंत्रात रॅम १२८ बाइट, म्हणजे पडद्यावरचं अख्खं चित्र साठवायला जागाच नाही. टीव्हीवर एक ओळ उमटेपर्यंत प्रोसेसरच्या ७६ सायकली मिळतात, तेवढ्यात त्या ओळीत काय दिसणार ते प्रोग्रामरने चित्र काढणाऱ्या चिपला सांगायचं. हलणाऱ्या वस्तू चिपकडे पाचच: दोन खेळाडू, दोन क्षेपणास्त्रं, एक चेंडू. त्यातला एक खेळाडू पॅक-मॅनलाच गेला. उरलेल्या एकात चार भुतं बसवायची म्हणून दर फ्रेमला एकच भूत, आळीपाळीने. घरच्या पॅक-मॅनमधली भुतं लुकलुकतात ती यामुळे. पुस्तकात असे सहा खेळ घेतलेत.

कोपरखळी
पंत, "फार तांत्रिक नको" हे शब्द दिसले का?

पिक्सेलपंत
दिसले. हे तांत्रिक नाही, यंत्राच्या अडचणीतून खेळाचा आकार कसा ठरतो याचं पुस्तक आहे. कोड फारसा नाहीच.

जुनीकॅसेट
ट्रिस्टन डोनोव्हन, 'रीप्ले', २०१०. याच्यापुढे दुसरं सुचवायची गरज नाही. बाकीच्या बहुतेक इतिहासांत अमेरिका आणि जपान सोडून पृथ्वीवर कोणी राहतच नाही. इथे ब्रिटनमधले स्पेक्ट्रम संगणकवाले, फ्रान्स, सोव्हिएत संघ, कोरिया, सगळे येतात. प्रकरणं आटोपशीर आहेत, रोज चार-पाच सहज होतात. शोधताना मात्र लेखकाचं नाव टाकाच. 'रीप्ले' नावाची एक कादंबरी आहे, शिवाय आर्केडवाल्यांचं याच नावाचं जुनं व्यापारी मासिकही आहे. नुसतं नाव टाकलं तर भलतंच हाती लागतं.

शेवंता_८
गेम बनवायला शिकायचं असेल तर जेसी शेलचं 'द आर्ट ऑफ गेम डिझाइन' घ्या. पण पुस्तकाआधी गोडो इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) उतरवून एक पाँग बनवा. दोन फळ्या, एक चेंडू, चार भिंती. चेंडू फळीच्या कोणत्या भागाला लागला त्यावर परतीचा कोन बदला, खेळात जीव तिथे येतो. मूळ पाँगमध्येही फळीचे असे भाग पाडलेले होते. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांचा चेंडू वेग वाढल्यावर फळीतून आरपार जातो. एका फ्रेममध्ये तो फळीच्या जाडीपेक्षा जास्त सरकतो म्हणून टक्कर कळतच नाही. फळी जाड करू नका, मागचं आणि आताचं स्थान जोडणारी रेघ तपासा.

घाईघाईत
शेवंता, गेम बनवायचा नाहीये. इतिहास.
जाड पुस्तक म्हणजे स्टीव्हन केंटचं हो, अजून कुठलं. सहाशेच्या आसपास पानं आहेत आणि त्यात १९८३ च्या पडझडीचा धड उल्लेख नाही! अटारी कशी बुडाली, ते कसं नाही?

चष्मिष्ट
केंटच्या पुस्तकात १९८३ नाही? अशक्य. अटारी हाच त्याचा सगळ्यात तपशीलवार भाग आहे. मुखपृष्ठावर काय लिहिलंय ते सांगा.

घाईघाईत
'द अल्टिमेट हिस्टरी ऑफ व्हिडिओ गेम्स'. खाली निन्टेंडो, सोनी, मायक्रोसॉफ्ट वगैरे.

चष्मिष्ट
मग तो दुसरा खंड आहे, २०२१ चा. प्लेस्टेशन २, एक्सबॉक्स, गेमक्यूब इथून पुढचा काळ. तुम्हाला पहिला खंड हवा, २००१ चा. त्याच्या उपशीर्षकात पाँग आणि पोकेमॉन ही नावं आहेत. मुख्य शीर्षक एकच असल्यामुळे ही गल्लत सर्रास होते.

कोपरखळी
सुटला प्रश्न. दिवा लावा, धागा बंद.

चष्मिष्ट
सुटला कसला. केंटचा पहिला खंड वाचायला मजेदार आहे, पण उभा आहे मुलाखतींवर. पानंच्या पानं नुसती अवतरणं. वीस-पंचवीस वर्षांनी माणूस जे सांगतो त्यात तारखा सरकतात, श्रेय सरकतं आणि स्वतःची चूक शेजाऱ्याच्या खात्यावर जाते. सत्तरीपासून १९८२ पर्यंतचा काळ नीट हवा असेल तर अलेक्झांडर स्मिथचं 'दे क्रिएट वर्ल्ड्स', पहिला खंड, २०१९. न्यायालयीन साक्षी, त्या काळातली व्यापारी मासिकं, कंपन्यांची कागदपत्रं, सगळं ताडून लिहिलंय. पाँगचंच घ्या. अटारीचा संस्थापक बुशनेल याने मॅग्नाव्हॉक्स कंपनीच्या ओडिसी या घरगुती कन्सोलवरचा टेबल टेनिस मे १९७२ मध्ये प्रात्यक्षिकात पाहिला, पाँग त्यानंतर आला. मॅग्नाव्हॉक्सच्या दाव्यात हे पुराव्यानिशी आलं आणि अटारीने १९७६ मध्ये तडजोड केली. नुसत्या मुलाखतींवर विसंबलं तर हे अर्धंच कळतं.

जुनीकॅसेट
बरोबर, पण तो खंड १९८२ ला संपतो. यांना १९८३ हवंय. दाराशी नेऊन सोडल्यासारखं होईल.

चष्मिष्ट
१९८३ ची कारणं १९८२ मध्येच आहेत.

सहजच
पहिला व्हिडिओ गेम पाँग नव्हेच. १९५८ साली ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथमने ऑसिलोस्कोपवर टेनिस दाखवला होता.

पिक्सेलपंत
तसं पाहिलं तर १९५२ मध्ये केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर फुली-गोळा होता.

सहजच
फुली-गोळ्यात काही हलत नाही.

पिक्सेलपंत
हलणं ही अट कोणी घातली? व्याख्या बदलली की पहिला नंबर बदलतो. विकायला ठेवलेला पहिला म्हणाल तर १९७१ चा कॉम्प्युटर स्पेस, घरात आलेला पहिला म्हणाल तर १९७२ ची ओडिसी.

बाराखडी
या वादाला वेगळा धागा काढा.
घाईघाईत, १९८३ चं पुस्तक कशासाठी हवंय? आवड म्हणून, की कुठे मांडायचंय? उत्तर त्यावर अवलंबून आहे.

घाईघाईत
रविवारी तासभर बोलायचंय. आराखडा तयार आहे, फक्त आधाराला पुस्तक हवं: ई.टी. हा गेम भिकार निघाला, त्यामुळे अटारी बुडाली, जगभर व्हिडिओ गेम संपले, १९८५ ला निन्टेंडोने येऊन वाचवले. सोपं आहे.

चष्मिष्ट
हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगितलं असतंत तर! चारातलं एकही वाक्य जसंच्या तसं टिकत नाही.

ई.टी. दुकानांत पोचला डिसेंबर १९८२ मध्ये. अटारीची मालक कंपनी वॉर्नर हिने ७ डिसेंबरलाच नफा अपेक्षेपेक्षा बराच कमी येणार असं जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी शेअर जवळजवळ एक तृतीयांश घसरला. म्हणजे ई.टी. फसला हे कळायच्या आधीच ताळेबंद बिघडलेला होता. खेळ पाच-सहा आठवड्यांत लिहून घेतला हे खरं, माल गरजेपेक्षा फार जास्त बनवला हेही खरं. पण ते लक्षण, रोग नव्हे.

रोग असा. १९७९ मध्ये अटारीचेच प्रोग्रामर बाहेर पडून ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढतात. अटारी दावा लावते, १९८२ मध्ये तडजोड होते आणि दुसऱ्याच्या यंत्रासाठी कोणीही कार्ट्रिज (यंत्रात खोचायची गेमची डबी) बनवू शकतं हे पक्कं होतं. परक्यांची कार्ट्रिज अडवणारं कुलूप यंत्रात नव्हतंच. मग ओट्स विकणाऱ्या क्वेकर कंपनीलाही गेमचा विभाग असावासा वाटतो. न खपलेला माल दुकानदार परत करू पाहतात, लहान कंपन्यांकडे पैसे परत करायची ताकद नसते, म्हणून तोच माल कवडीमोलाने टोपलीत जातो. नवा, पूर्ण किमतीचा गेम त्या टोपलीशेजारी कोण घेणार?

जुनीकॅसेट
आणि संगणकांचं विसरू नका. कमोडोर ६४ ऑगस्ट १९८२ मध्ये ५९५ डॉलरला आला, १९८३ मध्ये २०० डॉलरच्या आसपास उतरला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने त्या किमतयुद्धात हात टेकले आणि ऑक्टोबर १९८३ मध्ये घरगुती संगणकांचा धंदाच सोडला. अभ्यासही होईल आणि गेमही, असं यंत्र त्या भावात मिळत असताना नुसता कन्सोल कशाला?

"जगभर" तर काढूनच टाका. कोसळला तो उत्तर अमेरिकेचा बाजार. जपानमध्ये निन्टेंडोचा फॅमिकॉम कन्सोल आला जुलै १९८३ मध्ये, म्हणजे ऐन पडझडीत. ब्रिटनमध्ये १९८२ चा स्पेक्ट्रम जोरात होता, कॅसेटवर गेम निघत होते. तिथल्या पोरांना हा भूकंप जाणवलाही नाही. म्हणून 'रीप्ले' म्हणतोय. चेकोस्लोव्हाकियासारख्या ठिकाणी काय चाललं होतं ते हवं असेल तर यारोस्लाव श्वेल्ख यांचं 'गेमिंग द आयर्न कर्टन', २०१८. पण ते रविवारनंतर.

सहजच
पण ई.टी. वाळवंटात पुरला होता ना? मग?

चष्मिष्ट
पुरला होता, १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोला. एप्रिल २०१४ मध्ये खणलं तेव्हा सुमारे १३०० कार्ट्रिज वर काढली. त्यात ई.टी. थोडीच, बाकी अटारीचे इतर खेळ, चांगले चाललेलेसुद्धा. गोदाम रिकामं करत होते, एका गेमचा अंत्यविधी नव्हता तो.

पिक्सेलपंत
कुठल्याही गेम-इतिहासाची परीक्षा घ्यायची सोपी युक्ती देतो. मागची सूची उघडा, 'स्पेस इन्व्हेडर्स' काढा. या गेममुळे जपानमध्ये १०० येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला आणि टांकसाळीला जादा नाणी पाडावी लागली, असं बिनधास्त लिहिलं असेल तर लेखकाने ऐकीव गोष्ट उचलली आहे. १९७८ आणि १९७९ मध्ये त्या नाण्यांचं उत्पादन आधीपेक्षा उलट कमी होतं. पुस्तक फेकून देऊ नका, पण त्यातला प्रत्येक आकडा दुसरीकडे ताडून पाहा.

कोपरखळी
पंत पहिल्यांदाच विचारलेल्या प्रश्नाच्या जवळपास आले.

मधलीसुट्टी
'कन्सोल वॉर्स' कसं आहे? ब्लेक हॅरिसचं. निन्टेंडो त्यात भरपूर आहे ना?

बाराखडी
ते सेगा विरुद्ध निन्टेंडो, नव्वदीचा पूर्वार्ध. १९८३ ला उपयोग नाही. शिवाय संवाद लेखकाने प्रसंग पुन्हा उभे करून लिहिलेले आहेत, तसं त्याने सुरुवातीला सांगितलंही आहे. त्यातली वाक्यं "अमका असं म्हणाला" म्हणून व्यासपीठावरून उद्धृत करू नका. बाजूही मुख्यतः सेगाच्या अमेरिकी कचेरीची, जपानची बाजू पातळ.
निन्टेंडोसाठी डेव्हिड शेफचं 'गेम ओव्हर', १९९३. टेट्रिसच्या हक्कांची ओढाताणही त्यात छान आलीय.

मधलीसुट्टी
पण वाचायला 'कन्सोल वॉर्स' जास्त मस्त आहे.

बाराखडी
आहेच. कादंबरीही मस्त असते.

शेवंता_८
'मास्टर्स ऑफ डूम' कोणीच कसं सुचवलं नाही?

पिक्सेलपंत
कारण ते १९९३ च्या डूम या गेमचं आहे. पण आता विषय निघालाच आहे तर त्यासोबत फाबियां सांग्लारची 'गेम इंजिन ब्लॅक बुक' ही दोन पुस्तकं घ्या, वुल्फेनस्टाइनवर एक, डूमवर एक. लेखकाने पीडीएफ फुकट ठेवल्या आहेत. मात्र लहान पडद्याच्या ई-रीडरवर उघडू नका. पानांची मांडणी ठरलेली आहे, अक्षर मोठं केलं की आकृती कापली जाते. टॅबलेट किंवा संगणकच हवा.

घाईघाईत
माझ्याकडे ई-रीडरच आहे. आणि डूम नकोय!!
बरं, मग निन्टेंडोने वाचवलं ते तरी खरं ना?

चष्मिष्ट
अमेरिकेतला कन्सोलचा बाजार परत उभा केला, एवढं म्हणा. त्यांच्या एनईएस कन्सोलची ऑक्टोबर १९८५ मध्ये आधी न्यूयॉर्कपुरती चाचणी, सगळ्या देशात विक्री १९८६ मध्ये. दुकानदारांना "व्हिडिओ गेम" शब्द ऐकायचा नव्हता म्हणून सोबत एक यंत्रमानव देऊन खेळणं म्हणून विकलं. खरा फरक होता कुलपाचा. कन्सोलमध्ये एक चिप, कार्ट्रिजमध्ये तिची जोडीदार, दोघींचं जुळलं नाही तर गेम चालत नाही. परवाना घेणाऱ्या कंपनीला वर्षाला पाचच गेम काढता येत आणि कार्ट्रिज निन्टेंडोकडूनच बनवून घ्यावी लागत. अटारीकडे जे नव्हतं तेच सगळं. तुमच्या तासाभराचा कणा म्हणून ॲक्टिव्हिजनपासून या चिपपर्यंतची वाट घ्या, ई.टी. पाच मिनिटांत उरका.

बाराखडी
रविवारपर्यंतचं वाचन: 'रीप्ले'मधली अटारीच्या उदयापासून निन्टेंडोच्या अमेरिका-प्रवेशापर्यंतची प्रकरणं, मधली ब्रिटनचीही सोडू नका. नंतर केंटच्या पहिल्या खंडातला पडझडीचा भाग, फक्त किश्श्यांसाठी. किस्सा वापरलात तर सांगणाऱ्याचं नाव घ्या, म्हणजे ते मत म्हणून ऐकलं जाईल. दोन्ही पुस्तकं सलग मजकुराची आहेत, ई-रीडरवर चालतील.

घाईघाईत
ही दोन झाली. एक म्हणालो होतो.

जुनीकॅसेट
मग 'रीप्ले'.

चष्मिष्ट
एकच असेल तर 'दे क्रिएट वर्ल्ड्स'. अजूनही म्हणतो.

घाईघाईत
'रीप्ले' घेतलं. आधी कादंबरीच आली होती समोर, लेखकाचं नाव टाकल्यावर सापडलं. आराखडा पुसला, पुन्हा लिहितोय. या धाग्याचं शीर्षक बदलता येतं का? "१९८३" घालायचंय.

कोपरखळी
प्रतिसाद आल्यावर शीर्षक बदलता येत नाही, संपादकांना कळवा.

पिक्सेलपंत
'रेसिंग द बीम'मधलं पॅक-मॅनचं एवढं एक प्रकरण तरी रविवारच्या आधी

कोपरखळी
पंत.