बीमचे जोड: वेल्डिंग की नटबोल्ट?

माळेकरी: वर्कशॉपमध्ये आय-बीमचा माळा टाकतोय. कॉलम जुने, आधीपासूनच उभे. क्रेन एकच दिवस मिळणार, पैसे बेताचे. जोड वेल्ड करू की बोल्ट?

ठिणगी: वेल्डिंगच! आमच्या शेडला एक बोल्ट सापडणार नाही. बोल्ट आज ना उद्या ढिले होतातच.

पाना_बावीस: नीट आवळले नाहीत तर होणारच. आम्ही सगळे १०.९ ग्रेडचे घेतले. महाग पडले, पण घ्यायचे तर तेच.

मोजपट्टी: माळ्याला १०.९ कशाला? ८.८ पुरतात. ८०० मेगापास्कल ताणशक्ती, यील्ड (जिथून बोल्ट कायमचा ताणला जायला लागतो) त्याच्या ८० टक्के. अजून काय हवं?

ठिणगी: कागदावर सगळंच पुरतं.

शिअर_मोमेंट: बोल्टच्या ग्रेडवरून भांडण्याआधी हे ठरवा: जोडाने फक्त शिअर (कापू पाहणारा उभा जोर) घ्यायचा की मोमेंटही (वाकवू, वळवू पाहणारा जोर)? साध्या माळ्याला बहुतेकदा शिअर पुरतो, मग माळा डोलू नये म्हणून ब्रेसिंग (तिरपे आधार) द्यावं लागतं. जोडाची प्लेट शॉपमध्ये वेल्ड करा, साइटवर बोल्ट मारा. शॉपमध्ये जॉब फिरवून सपाटीवर वेल्ड करता येतं. साइटवर वेल्डर शिडीवर मान वर करून रॉड धरतो, आणि तोवर क्रेन बीम पकडून उभी.

पाना_बावीस: तेच म्हणतोय मी. बोल्ट.

गंजलेला: १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात वेल्ड केलेल्या मोमेंट जोडांना तडे गेले होते, बरेचसे बीमच्या खालच्या फ्लँजपाशी (आडव्या पट्टीपाशी).

ठिणगी: माळा टाकतोय हो तो, टॉवर नाही.

मोजपट्टी: प्लेट शॉपमध्ये, बोल्ट साइटवर. +१

माळेकरी: आज ओळंबा लावला. एक कॉलम वरच्या बाजूला १४ मिमी बाहेर झुकलाय. २० च्या बोल्टला भोक २२ चं, म्हणजे खेळ २ मिमी. भोकं जुळणार नाहीत. साइटवर वेल्डच करतो.

शिअर_मोमेंट: प्रत्येक जागी माप घेऊन बीम कापले आणि मग भोकं पाडली तर जुळतील. उरलेल्या फटीत पॅकिंग प्लेट.

माळेकरी: तेवढी सवड नाही. वेल्डरशी बोलणं झालंय.

शिअर_मोमेंट: बरं. मग बीम टेकायला कॉलमवर सीट अँगल आधीच लावून ठेवा, म्हणजे क्रेन लवकर सुटेल. जोडाच्या जागचा रंग घासून काढा. लो-हायड्रोजन रॉड वापरणार असाल तर ओव्हनमधून काढलेले, कोरडेच हवेत. आणि झुकलेला कॉलम भार घेईल का, ते डिझाइनरला दाखवल्याशिवाय बीम चढवू नका.

ठिणगी: शेवटी वेल्डिंगच!

पाना_बावीस: १०.९ चे थोडे उरलेत माझ्याकडे. कोणाला हवेत?