नोटरीकडे स्टँपवर लिहिलेली फारकत चालते का? संमतीच्या घटस्फोटाची प्रक्रिया हवी आहे

मृदगंध
मावसबहिणीसाठी विचारतेय. दोघांनाही घटस्फोट हवा आहे. लग्न कराडला लागलं, संसार पुण्यात झाला, आता ती माहेरी नाशिकला असते. वेगळे राहायला लागून १४ महिने झाले. मुलगी ४ वर्षांची, आईजवळ. नवऱ्यावर ४९८अ ची (पत्नीच्या छळाची) केस चालू आहे. "५०० च्या स्टँपवर फारकत लिहा, नोटरी करा, महिन्यात मोकळे" असं एकाने सांगितलंय. हे खरं आहे का? नसेल तर अर्ज कुठे करायचा, वेळ किती लागतो आणि तडजोडीत काय काय लिहून घ्यायचं?

काळा_डगला
तो कागद अजिबात करू नका. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच मोडतं. नोटरीला लग्न लावायचाही अधिकार नाही आणि मोडायचाही नाही. कलम २९(२) मध्ये रूढीने चालत आलेल्या काडीमोडीला जागा आहे, पण ती रूढी आपल्या समाजात पूर्वापार, अखंड चालत आली आहे हे पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. नुसत्या फारकतीच्या जोरावर कुणी दुसरं लग्न केलं तर ते लग्न रद्दबातल ठरतं आणि वर द्विविवाहाचा गुन्हा लागतो. शिक्षा ७ वर्षांपर्यंत.

तुमचा रस्ता कलम १३ब, परस्पर संमतीचा. अट एवढीच की अर्जाच्या दिवशी वेगळं राहून किमान १ वर्ष झालेलं असावं. ते झालंय.

कुठे करायचा: लग्न लागलं ते ठिकाण, दोघं शेवटचे एकत्र राहिले ते ठिकाण, किंवा पत्नी अर्जदार असेल तर ती सध्या राहते ते ठिकाण. पुणे आणि नाशिक दोन्हीकडे कौटुंबिक न्यायालय आहे. मुलगी लहान आहे, नाशिकच सोयीचं. (जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे हा अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे जातो.)

आता वेळ. अर्ज दाखल झाल्या तारखेपासून ६ महिने थांबायचं आणि १८ महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन संमती कायम असल्याचं सांगायचं (हीच दुसरी जबानी). हे ६ महिने माफ होऊ शकतात, अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या २०१७ च्या निकालाने. पण त्यात न्यायालय मुख्यतः हे बघतं: अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहणं झालंय का, समेटाचे प्रयत्न संपलेत का, आणि पोटगी, मुलाचा ताबा हे सगळं खरोखर मिटलंय का. तुमचे १४ महिनेच झालेत. माफीसाठी आणखी ४ महिने थांबून मग अर्ज करावा असं काही जण सुचवतील. मी सुचवणार नाही. माफी न्यायाधीशांच्या अखत्यारीतली गोष्ट, ती नाकारली तर थांबलेले ४ महिने वाया जातात. आज अर्ज केला तर ६ महिन्यांनी दुसरी जबानी हक्काने घेता येते.

कागद: विवाह नोंदणीचा दाखला (नसेल तर लग्नपत्रिका आणि फोटो), दोघांचं ओळखपत्र, राहण्याचा पुरावा, मुलीचा जन्मदाखला. दाखल केल्यावर समुपदेशकांकडे पाठवतात. ते दोघांना वेगवेगळं आणि मग एकत्र बसवून विचारतात. तिथे एकाने जरी "घरचे म्हणाले म्हणून सही केली" असं म्हटलं तर प्रकरण अडकतं.

चैत्रपालवी
वरच्या उत्तरात एक जोड. हुकूमनामा होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच स्पष्ट केलंय. म्हणून पैसे आणि केसेस यांचा क्रम अटींतच बांधून घ्या. बहुतेक तडजोडी इथेच फिसकटतात: तिला वाटतं केस मागे घेतली की तो पैसे देणार नाही, त्याला वाटतं पैसे दिले की ती केस ठेवणार.

४९८अ पती-पत्नीत तडजोड झाली म्हणून खालच्या कोर्टात मागे घेता येत नाही. त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज लागतो, आणि तिचं ना-हरकतीचं शपथपत्र. (१ जुलै २०२४ नंतरच्या घटनेसाठी हेच कलम भारतीय न्याय संहितेत ८५ आहे.) घरगुती हिंसाचाराचा किंवा पोटगीचा अर्ज चालू असेल तर तो मात्र ती स्वतःच पुरसिस (कोर्टाला लेखी निवेदन) देऊन मागे घेऊ शकते.

समजा १२ लाख ठरले. मग असं लिहा: "रु. ४ लाख अर्ज दाखल करतेवेळी, रु. ४ लाख दुसऱ्या जबानीच्या दिवशी, उर्वरित रु. ४ लाख उच्च न्यायालयात गुन्हा रद्द होण्याच्या तारखेस, सर्व डिमांड ड्राफ्टने." पुढच्या तारखांचे चेक घेऊ नका. वटले नाहीत तर आणखी एक केस, एवढंच हातात राहतं.

"योग्य ती रक्कम", "सवडीने भेट" असे शब्द अटींत नकोत. हुकूमनामा पाळला नाही तर दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करावी लागते, आणि संदिग्ध अटीवर दरखास्त चालत नाही. मुलीच्या भेटीचं दर दुसऱ्या शनिवारी किती ते किती, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, व्हिडिओ कॉल कधी, शाळेच्या आणि पासपोर्टच्या अर्जावर सही कोण करणार, हे सगळं लिहा. स्त्रीधनाची यादीही वस्तूवार: "पाटल्या २, वजन अमुक ग्रॅम, मिळाल्या".

मुलीची पोटगी "सोडली" असं कुठेही लिहून देऊ नका. तो हक्क मुलीचा आहे, आई तो सोडू शकत नाही, आणि परिस्थिती बदलली तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली रक्कम बदलून मागता येते.

मृदगंध
खूप मदत झाली. पुण्यातला फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, कर्ज चालू आहे. नवरा आपला हिस्सा तिला द्यायला तयार आहे. हे अटींत लिहिलं की पुरे?

काळा_डगला
पुरे नाही. बँक तुमच्या अटींना बांधील नसते. आधी बँकेला विचारा की तिच्या एकटीच्या पगारावर कर्ज पुढे चालवायला ते तयार आहेत का. नसतील तर हप्ता थकला की वसुली दोघांकडूनही होईल.

बँकेची ना-हरकत मिळाली की हिश्श्याचं बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, आणि ते हुकूमनाम्याच्या आधी. महाराष्ट्रात पती-पत्नीत राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे (नोंदणीचा आणि इतर खर्च वेगळा). घटस्फोट झाल्यावर ते पती-पत्नी राहत नाहीत, ही सवलत जाते. म्हणून दुसऱ्या जबानीच्या आठवडाभर आधीची तारीख धरा आणि दस्ताचा क्रमांक अटींत टाका.

वकिलाची फी जड जात असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही. आणि निकाल लागला त्याच दिवशी सही-शिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज टाका, निदान तीन प्रती.