एसएलआर पॉझिटिव्ह आली, पण दुखणं डिस्कचंच कशावरून?

प्रश्न (फिजिओ इंटर्न, पिंपळगाव बसवंत)
द्राक्षबागेत छाटणी करणारे, क्रेट उचलणारे पुष्कळ पेशंट कंबर धरून येतात. उताणं झोपवून, गुडघा सरळ ठेवून पाय उचलला (म्हणजे एसएलआर, स्ट्रेट लेग रेज चाचणी केली) की ४०-५० अंशांवर "ओढ बसते" म्हणतात. ही ओढ सरकलेल्या डिस्कने (मणक्यांमधल्या गादीने) दाबलेल्या नसेची की हॅमस्ट्रिंगची (मांडीच्या मागच्या स्नायूची)? प्रत्येकाला नाशिकला एमआरआयला पाठवणं परवडणारं नाही.

उत्तर १
ओढ कुठे बसते ते बोटाने दाखवायला सांगा. मांडीच्या मागेच थांबली तर बहुधा हॅमस्ट्रिंग. ३० ते ७० अंशांच्या दरम्यान कळ गुडघ्याखाली, पोटरीत किंवा पावलात उतरली तर नस. खात्रीसाठी, कळ आली की ती थांबेल इतपत पाय खाली घ्या आणि मग फक्त पाऊल नडगीकडे वाकवा. हॅमस्ट्रिंग गुडघ्याच्या जरा खालीच संपतो, पाऊल वाकवल्याने तो ताणत नाही. तरीही कळ परत आली तर नसच ओढली जातेय.

हात नवा असला की पेशंटचा गुडघा वाकतो आणि पाय उगाच ८० अंशांपर्यंत जातो. म्हणून एक तळहात गुडघ्याच्या वर दाबून ठेवा. दुसरा टाचेखाली. आधी बरा पाय तपासा.

उत्तर २
बरा पाय तपासताना दुखऱ्या पायात कळ येते का, हे जरूर विचारा. ही खूण थोड्यांतच मिळते, पण मिळाली तर डिस्कची शक्यता खूप वाढते. साध्या एसएलआरचं उलटं आहे. डिस्क सरकलेल्या बहुतेकांत ती येते, पण इतर कारणांनीही येते, त्यामुळे एकट्या तिच्यावर निदान लिहू नका.

दुखणं मांडीच्या पुढच्या बाजूला असेल तर पालथं झोपवून गुडघा वाकवा. कंबरेच्या मणक्यांतून निघणाऱ्या वरच्या नसा (एल-२ ते एल-४) एसएलआरमध्ये सापडत नाहीत.

उत्तर ३
ताकद पाहिल्याशिवाय तपासणी अर्धीच. पायाचा अंगठा वर धरायला सांगून तुम्ही खाली दाबा, सहज पडला तर एल-५ नसेत दोष. त्याखालच्या एस-१ नसेसाठी भिंतीला बोटं टेकवून, एका पायावर १० वेळा टाच उचलायला लावा. पलंगावर हाताने दाबून पोटरीची कमजोरी कळत नाही, तो स्नायू फार दणकट असतो. घोट्याचा रिफ्लेक्स (हातोडीने ठोकल्यावर पाऊल आपोआप हलणं) दोन्हीकडे ताडून पाहा. वयस्कर पेशंटमध्ये तो दोन्हीकडे नसू शकतो, एकाच बाजूला गेला असेल तर अर्थ आहे.

आणि लाजेने कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून स्पष्ट विचारा: लघवी अडतेय का, नकळत होतेय का, बसायच्या जागी बधिरपणा आहे का? यातलं एकही "हो" आलं तर खर्चाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी एमआरआय आणि मणक्याच्या सर्जनकडे.