बे एरियाची रॉक रेडिओ स्टेशनं: मालक एक झाला की गाणी कमी होतात का?

खडकवासला_ते_मिलपिटस

सॅन फ्रान्सिस्को बे एरियात एफएम ९२.३ वर आज हिंदी सिनेमाची गाणी वाजतात आणि इथल्या बहुतेक देशी गाड्यांत ते स्टेशन सेव्ह केलेलं असतं. २००४ पर्यंत त्याच जागी केएसजेओ होतं, सॅन होजेचं दणदणीत हार्ड रॉक स्टेशन. त्याची जुनी खुन्नस ९८.५ वरच्या 'कोम'शी (केओएमई). मालक वेगळे, प्रोग्राम डिरेक्टर वेगळे, श्रोते मात्र तेच, साउथ बेमधली तरुण पोरं. एकानं काय लावलंय याकडे दुसऱ्याचा कान असायचा. नव्वदच्या दशकात कोम अल्टरनेटिव्ह रॉककडे वळलं, केएसजेओनं हार्ड रॉक सोडलं नाही. ऐकणाऱ्याची चंगळ.

मग १९९६ चा टेलिकम्युनिकेशन्स कायदा आला. देशभरात एका कंपनीकडे ४० पेक्षा जास्त स्टेशनं नकोत ही मर्यादा उठली आणि मोठ्या शहरात एकाच मालकाला आठपर्यंत स्टेशनं ठेवायची मुभा मिळाली. क्लिअर चॅनल ही रेडिओ कंपनी बाराशे स्टेशनांच्या आसपास पोचली. १९९८ मध्ये कोम गेलं, त्या जागी केफॉक्सचं क्लासिक रॉक आलं. २००४ मध्ये क्लिअर चॅनलनं केएसजेओचं रॉक बंद करून स्पॅनिश गाणी सुरू केली. तेव्हा उरलं काय? केफॉग (१०४.५) आणि द बोन (१०७.७), दोन्ही एकाच कंपनीची. याला स्पर्धा म्हणायचं की नूरा कुस्ती?

मालक एक झाला की गाण्यांची यादी आटते, असं माझं ठाम मत आहे. बोला.

हिशेबनीस

असहमत. उलट आहे सगळं.

मालक वेगळे असले की दोघंही गर्दीच्या मधोमध जाऊन उभे राहतात, कारण जास्तीत जास्त कान तिथे. दोन्ही स्टेशनं एकाचीच असली तर तो स्वतःचेच श्रोते स्वतःकडून कशाला पळवेल? तो एकाला इकडे उभं करेल, दुसऱ्याला तिकडे. पीटर स्टाइनर या अर्थतज्ज्ञानं हे १९५२ मध्येच मांडलंय. बेरी आणि वॉल्डफोगेल यांनी १९९६ नंतरची विलीनीकरणं तपासली आणि २००१ मध्ये छापलं की त्यामुळे स्टेशनांमधलं वैविध्य वाढलं.

तुमचंच उदाहरण घ्या. केफॉगवर अकूस्टिक गिटार, गायक-गीतकार मंडळी, रविवारी सकाळी मऊ गाणी. द बोनवर दणका. कोणी चुकूनही गोंधळत नव्हतं. ऐंशीच्या दशकातली तुमची लाडकी जोडी मात्र दोन्हीकडे अल्बम रॉकच लावत होती.

खडकवासला_ते_मिलपिटस

@हिशेबनीस, पाटीवर काय लिहिलंय ते नका मोजू, आत काय वाजतं ते मोजा. फ्यूचर ऑफ म्युझिक कोअलिशननं २००२ मध्ये तेच केलं. वेगवेगळ्या नावांच्या फॉरमॅटांत (म्हणजे स्टेशनच्या संगीतप्रकारांत) काही ठिकाणी ७६ टक्क्यांपर्यंत गाणी सारखी निघाली. नवी पाटी लावली की वैविध्य वाढलं, असं धरलं तर आकडा छान दिसणारच.

फेडर_वर

तुम्ही दोघं मालकावर भांडताय. यादी मालक बनवत नाही हो, यादी चाचणी बनवते. एका रेडिओ कंपनीत जाहिरात विभागात होतो, आतून बघितलंय.

शंभरेक माणसं हॉटेलच्या हॉलमध्ये बसवायची. प्रत्येक गाण्याचा सगळ्यात ओळखीचा सात-आठ सेकंदांचा तुकडा ऐकवायचा. कागदावर गुण द्यायचे: आवडतं, कंटाळा आला, माहीत नाही. असे काहीशे तुकडे एका बैठकीत. 'माहीत नाही' जास्त आलं की गाणं बाद. मग उरलेली यादी सॉफ्टवेअरमध्ये भरायची, नियम घालायचे: हा बँड तासात दोनदा नको, दोन संथ गाणी लागोपाठ नकोत, कालच्याच वेळेला आज तेच गाणं नको. सकाळी डीजेच्या हातात छापील कागद. त्यात त्याची आवड चिमूटभरही नसते.

त्यात २००८ च्या सुमारास इथे पीपीएम आलं, म्हणजे पेजरसारखं यंत्र, जे श्रोत्याच्या कमरेला असतं आणि कोणतं स्टेशन कानावर पडतंय ते आपोआप टिपतं. आधी लोक डायरीत आठवेल ते लिहायचे. आता अनोळखी गाण्याला कोणी बटण बदललं की दिसतं. प्रोग्राम डिरेक्टरची छाती होत नाही नवं काही लावायची. आणि हे स्पर्धेमुळे होतं बरं का! समोर चार स्टेशनं आहेत म्हणून तर भीती.

सनीवेलची_मावशी

फेडर_वर, सगळं खरं असेल, पण केफॉगचं 'टेन ॲट टेन' कुठल्या हॉटेलच्या हॉलमध्ये तपासलं होतं?

ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी: सकाळी दहाला, एकाच वर्षातली दहा गाणी. मध्ये मध्ये त्या वर्षाच्या बातम्यांचे तुकडे, जाहिराती, सिनेमातले संवाद. वर्ष कुठलं ते ओळखायचं. डेव्ह मोरी करायचा, २००८ च्या डिसेंबरमध्ये निवृत्त झाला. मला रॉकमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मुलांना सोडून परत येताना लॉस अल्टोसच्या आसपास १०४.५ खरखरायला लागलं की ९७.७ लावायचं, कारण डोंगराआड सिग्नल पोचत नाही म्हणून त्यांनी तिथे जोडस्टेशन ठेवलं होतं. व्हिएतनाम युद्धाबद्दल मला शाळेपेक्षा त्या दहा गाण्यांनी जास्त शिकवलं. ओळखीची गाणी होतीच, पण त्यांच्या शेजारी बसवलेली अनोळखीसुद्धा असायची. ते यंत्राला जमत नाही.

गिंडीतला_पुणेकर

मावशींना +१.

अवांतर: मुंबईत २००२ मध्ये गो ९२.५ आलं तेव्हा आम्ही इंग्रजी गाण्यांसाठी कान लावून बसायचो. त्याचंच पुढे रेडिओ वन झालं. तुम्हाला निदान भांडायला चार स्टेशनं आहेत राव.

हिशेबनीस

मावशी, आठवणी सुंदर आहेत, पण १९९६ च्या कायद्याला खलनायक करण्याआधी एक बघा. सॅन फ्रान्सिस्कोतच टॉम डोनाह्यू या डीजेनं १९६७ मध्ये केएमपीएक्स स्टेशनवर डीजेंना वाटेल ते लावायची मोकळीक दिली. १९६८ मध्ये संप झाला आणि ती सगळी मंडळी केसॅन स्टेशनला (९४.९) गेली. अमेरिकेतल्या मुक्त रॉक रेडिओचं माहेरघरच ते. १९८० मध्ये तिथे कंट्री संगीत सुरू झालं. तेव्हा कुठे होता तुमचा कायदा? मालक वेगवेगळेच होते, स्पर्धा जोरात होती, आणि त्या स्पर्धेतच ते गेलं.

खडकवासला_ते_मिलपिटस

आणि केसॅनची अक्षरं आज कोणाच्या परवान्यावर आहेत? द बोनच्या. नाव तेवढं उचललं, डीजेची मोकळीक नाही.

आणखी एक. इथे एफएम स्टेशन गीतकार-संगीतकाराला पैसे देतं, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला मात्र छदाम नाही. सबब काय, तर रेडिओमुळे त्यांची फुकट जाहिरात होते. सत्तरच्या दशकातली तीच ती गाणी फिरवून आज कोणाची जाहिरात होते? नव्या बँडला वेळ देत नसाल तर ही सबब तरी सांगू नका.

डावीकडे_वळा

मंडळी, डायल डावीकडे न्या की. ८९.७ केएफजेसी, फूटहिल कॉलेज. ९०.१ स्टॅनफर्ड. ९०.७ बर्कली. जाहिराती नाहीत, रेटिंगची भीती नाही. केएफजेसीनं १९८३ मध्ये 'लुई लुई' या एकाच गाण्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या सलग ६३ तास लावल्या होत्या. वेडेपणा म्हणा, पण हा वेडेपणा करायची मुभा असणं महत्त्वाचं. 'बे एरियात गाणी आटली' म्हणणारे ९२ च्या वर, व्यापारी स्टेशनांत अडकलेत.

फेडर_वर

@डावीकडे_वळा, ६३ तास एकच गाणं आणि वर वैविध्याचं व्याख्यान! दंडवत.

हिशेबनीस

हेच म्हणतोय मी. ज्याला वेगळं हवं त्याला मिळतंय. आणि व्यापारी स्टेशनंही ऐकतात लोकांचं. लाइव्ह १०५ या रॉक स्टेशनचं २०१७ मध्ये 'ऑल्ट' केलं, २०२१ मध्ये 'डेव्ह एफएम', आणि २०२३ मध्ये परत लाइव्ह १०५. श्रोत्यांनी पाठ फिरवली की मालक येतो वळणावर.

सनीवेलची_मावशी

हिशेबनीस, तुमच्या स्टाइनर साहेबांना माझा एक प्रश्न विचारा. २०१९ मध्ये केफॉग बंद केलं आणि १०४.५ वर केएनबीआर हे खेळांचं स्टेशन आणलं, जे ६८० एएमवर आधीपासून आहेच. मालक तोच. म्हणजे एकच मॅच दोन्हीकडे. एका मालकानं दोन स्टेशनं वेगवेगळी ठेवायची होती ना?

हिशेबनीस

मावशी, एएम ऐकणारे कमी होतायत. तो तिथले श्रोते एफएमवर आणून ठेवतोय. धंद्याचा निर्णय.

सनीवेलची_मावशी

मग वैविध्य वाढलं म्हणून सांगत होतात ते कुठल्या खात्यात लिहू?